गॉलच्या वखारीतली बुडालेली जहाजे

श्रीलंकेतल्या गॉल किल्ल्यात तीन संग्रहालये चालत पाच-सात मिनिटांच्या टापूत आहेत. नावे इतकी सारखी आहेत की भलत्याच खिडकीवर तिकीट काढून मोकळे होणे अगदी सोपे आहे. चर्च स्ट्रीटवरचे ते गॉल राष्ट्रीय संग्रहालय. जुन्या दरवाज्यालगतचे, देवमाशाचा सांगाडा असलेले ते राष्ट्रीय सागरी संग्रहालय. आणि त्याच भल्यामोठ्या पिवळ्या इमारतीच्या आश्रयाने असलेले तिसरे म्हणजे सागरी पुरातत्त्व संग्रहालय, जे केंद्रीय सांस्कृतिक निधी ही संस्था चालवते. हे परीक्षण या तिसऱ्याचे. तिकिटावर ‘पुरातत्त्व’ हा शब्द आहे ना, तेवढे पाहून आत जावे.

सोन्याच्या मोहरा आणि रत्नांच्या पेट्या पाहण्याच्या आशेने आलात तर अर्ध्या तासात बाहेर पडाल. सतराव्या शतकातले जहाज कसे बांधत, कसे चालवत, ते कशाने बुडे, आणि साडेतीनशे वर्षांनी त्यातली एखादी दोरी पाण्याबाहेर काढायची म्हणजे काय करावे लागते हे समजून घ्यायचे असेल, तर हिंदी महासागराच्या या बाजूला यापेक्षा चांगली जागा नाही. त्यासाठी दोन तास हाताशी ठेवा.

आधी इमारतीकडे नीट पाहा, कारण या संग्रहालयातली सर्वांत मोठी वस्तू तीच आहे. ही वलंदेजांची, म्हणजे डचांची वखार. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६४० मध्ये पोर्तुगिजांकडून गॉल घेतले आणि पुढे किल्ल्याच्या तटालाच चिकटवून हे कोठार उभारले. दालचिनी, मिरी, सुपारी, शिवाय जहाजांना लागणारे दोरखंड आणि शिडाचे कापड इथे साठवत. इमारतीखालून जाणारा जुना दरवाजा हाच त्या काळचा किल्ल्यात शिरायचा रस्ता होता. त्याच्या आतल्या बाजूला कंपनीचे चिन्ह, दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ हे साल कोरलेले आहे. बाहेरच्या बाजूला नंतर ब्रिटिशांनी आपले राजचिन्ह बसवले. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आराखडा ओळखीचा वाटेल. कंपनी तीच, दशकेही साधारण तीच. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या वलंदेजी आरमाराला वेंगुर्ल्याहून रसद मिळे, आणि त्याच नाकेबंदीच्या काळात सिलोनची पोर्तुगीज ठाणी एकेक करून पडत गेली. वेंगुर्ल्यात उरलेल्या भिंतींना छप्पर असते तर आतून काय दिसले असते, ते इथे कळते.

आत सुरुवातीला चित्रफीत दाखवतात. ती टाळू नका. पुढच्या दालनातला किनाऱ्यावरच्या बुडालेल्या जहाजांचा नकाशा तिच्याशिवाय नुसता ठिपक्यांचा पसारा वाटतो. त्या नकाशासमोरही जरा जास्त थांबा. ठिपके कुठे दाटलेत ते पाहिले की गॉलच्या बंदराचे दुखणे लक्षात येते. उपसागराचे तोंड दक्षिणेकडे उघडे, आत पाण्याखाली खडक, आणि नैर्ऋत्य मोसमी वारा सुटला की लाटा थेट नांगरवाड्यात शिरतात. ‘हर्क्युलिस’ हे वलंदेजी जहाज १६६१ च्या मे महिन्यात इथल्याच खडकांवर फुटले. ‘रंगून’ ही आगबोट १ नोव्हेंबर १८७१ रोजी गॉलच्याच दारात बुडाली. त्यानंतर १८७५ मध्ये कोलंबोला लाटारोधक बांधायला सुरुवात झाली आणि मोठी वाहतूक तिकडे गेली.

संग्रहालयाचा खरा गाभा मात्र एकच जहाज आहे, ‘आव्हॉन्डस्टर’. नावाचा अर्थ संध्याकाळचा तारा, म्हणजे आपली शुक्राची चांदणी. मूळ जहाज इंग्रजांचे. पहिल्या इंग्रज-डच युद्धात, १६५३ मध्ये, वलंदेजांनी ते पकडले आणि नाव बदलून आपल्या ताफ्यात घेतले. १६५९ पर्यंत ते म्हातारे झाले होते. युरोपच्या लांब सफरीला न पाठवता ते आशियातल्या जवळच्या फेऱ्यांसाठी वापरत. २ जुलै १६५९ च्या रात्री ते गॉलच्या बंदरात सुपारी भरत उभे होते. सुपारी भारताच्या कोरोमंडल, म्हणजे आग्नेय किनाऱ्याला जायची होती. रात्री नांगर सुटला, दुसरा नांगर वेळेत पडला नाही, तळ लागला आणि जहाज मोडले. तोफेचा एक गोळाही न सुटता, किनाऱ्यापासून दगडफेकीच्या अंतरावर.

जुलै हा महिना कोकणातल्या वाचकाला खटकेल. नारळी पौर्णिमेआधी गलबत समुद्रात कशाला? पण गॉलहून कोरोमंडलला जायचे तर नैर्ऋत्य वारा पाठीमागूनच मिळतो, म्हणून सफरीचा हिशेब बरोबर होता. चुकली ती बंदरातली रात्र. एका नांगरावर उभ्या असलेल्या जहाजाचा नांगर फरफटू लागला की अंधारात ते कळत नाही, कारण किनाऱ्यावरच्या खुणा दिसत नाहीत. यावर उपाय सोपा असतो. खोली मोजायचे शिसे तळावर टाकून त्याची दोरी थोडी सैल सोडायची आणि पहाऱ्यावरच्या खलाशाने दर थोड्या वेळाने ती हाताने पाहायची. दोरी पुढच्या दिशेला ताणली गेली म्हणजे जहाज मागे सरकते आहे. तेव्हाच दुसरा नांगर टाकला तर निभावते. लाट आपटू लागल्यावर टाकलेल्या नांगराला दोर पुरत नाही, आणि पुरेसा दोर नसला की नांगराचा काटा तळात न रुतता वर उचलला जातो. संग्रहालयात नांगर, कप्प्या आणि दोरखंड पाहताना एवढे डोक्यात असू द्या, म्हणजे त्या सुट्या वस्तू एका रात्रीच्या घटनेत जोडल्या जातील.

हे अवशेष १९९३ मध्ये श्रीलंका-ऑस्ट्रेलियाच्या संयुक्त पथकाला सापडले, आणि २००१ ते २००४ मध्ये श्रीलंकेच्या सागरी पुरातत्त्व पथकाने नेदरलँड्सच्या मदतीने तिथे उत्खनन केले. खोली जेमतेम चार-पाच मीटर. ऐकायला सोयीचे वाटते, आणि एका अर्थाने आहेच. इतक्या खोलीवर पाणबुड्याला रक्तात साठणाऱ्या नायट्रोजनची चिंता नसते, तासन्‌तास काम करता येते. अडचणी वेगळ्या असतात. खोल पाण्यात वाळू उपसायला हवेच्या दाबावर चालणारी नळी वापरतात, पण ती दाबातल्या फरकावर चालत असल्याने पाच मीटरच्या आत तिची ओढ फारच कमी पडते. म्हणून उथळ जागी पाण्याच्या झोतावर चालणारा उपसा लावावा लागतो. लाटांचे हेलकावे तळापर्यंत पोचतात, माणूस आणि मोजपट्टी दोन्ही डुलत राहतात, आणि खणलेला चर एका वादळी रात्रीत पुन्हा भरतो. पावसाळ्यात पाणी इतके गढूळ होते की हातापलीकडचे दिसत नाही. म्हणून कामाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच.

लाकूड इतकी वर्षे टिकले कसे, हा प्रश्न इथे प्रत्येकाला पडतो. उत्तर वाळूत आहे. उघडे लाकूड उष्ण समुद्रात फार टिकत नाही. जहाजकिडा, जो खरा तर शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे, काही वर्षांत त्याची चाळण करतो. पण सांगाडा वाळू-गाळात पुरला गेला की तिथे प्राणवायू नसतो, म्हणून किडाही नसतो. आव्हॉन्डस्टर वाचले ते त्यामुळे, आणि धोक्यात आले तेही याच कारणाने. नव्वदच्या दशकात त्यावरचा वाळूचा थर कमी होऊ लागला आणि शतकानुशतके झाकलेले लाकूड उघडे पडले. म्हणून घाईने खणावे लागले.

आता काचेच्या पेट्यांकडे. जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यात घडवलेले, मीठ टाकून भाजलेले तपकिरी कुजे इथे आहेत, गळ्यावर दाढीवाला चेहरा उमटवलेले. त्यांच्या शेजारी आशियाई मातीची भांडी आहेत. हे शेजारपण मुद्दाम पाहा. जहाज युरोपी असले तरी आशियातल्या फेऱ्यांवर असताना त्याचा स्वयंपाक इकडच्याच बाजारातल्या भांड्यांत होत असे. जहाजाच्या भटारखान्याच्या विटाही सापडल्या. लाकडी जहाजात चूल पेटवायची तर खाली विटांचा पाट आणि सभोवती विटांची भिंत लागते, आणि हे सगळे हलत्या फळ्यांवर. चामड्याचे जोडे, पिंपांच्या फळ्या, दोर, कप्प्या अशा साध्या वस्तूंना इथे जो मान दिला आहे तो आम्हाला या संग्रहालयातली सर्वांत मोठी जमेची बाजू वाटतो. खजिना शोधणारे नेमका हाच माल फेकून देत आले आहेत.

वस्तू पाहताना त्यांची तब्येतही पाहावी. फार थोडे लोक पाहतात. समुद्रातून काढलेली प्रत्येक वस्तू वर येताक्षणी मरायला लागते, आणि तिला वाचवणे हे उत्खननाहून लांब आणि महाग काम आहे. लाकडाच्या पेशींची भिंत कुजलेली असते, आतल्या पाण्याने ते फुगून उभे असते. ते उन्हात ठेवले तर आठवड्याभरात आकसून, तडकून जाते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून आधी गोड्या पाण्यात, पाणी बदलत बदलत, महिनोन्‌महिने मीठ काढायचे. मग पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाच्या द्रावणात बुडवायचे. सुरुवात पातळ द्रावणाने, मग हळूहळू दाट. घाई करून एकदम दाट द्रावण वापरले की पाणी बाहेर येते पण रसायन आत शिरत नाही आणि लाकूड पिचते. स्टॉकहोमच्या ‘व्हासा’ जहाजावर हे द्रावण सतरा वर्षे फवारत होते, आणि तरीही पुढे लाकडातल्या गंधकाचे आम्ल होऊन नवीन दुखणे उभे राहिले.

लोखंडाची गोष्ट त्याहून चिवट. तोफेत समुद्राचे क्लोराइड खोलवर मुरलेले असते. ती सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवून हलका विद्युतप्रवाह सोडतात आणि द्रावणातले क्लोराइड मोजत राहतात. मोठ्या तोफेला यात वर्षे जातात. मग धुणे, टॅनिनचा लेप, शेवटी मेण. काम अर्धवट सोडले तर काही महिन्यांत पृष्ठभागावर नारिंगी घामाचे थेंब दिसतात, मग पापुद्रे सुटतात, शेवटी लांबट तडा जातो. मातीच्या भांड्यांचे मीठ नीट निघाले नसेल तर झिलई खपल्या धरून उडते. गॉलची हवा बारमाही दमट आहे, शिवाय समुद्र भिंतीपलीकडेच, म्हणून हे सगळे दोष इथे युरोपपेक्षा लवकर डोके वर काढतात. बाहेर उघड्यावर ठेवलेल्या लोखंडी वस्तू आणि आतल्या पेटीतल्या वस्तू यांची अवस्था ताडून पाहा. दहा मिनिटांत जितके कळेल तितके फलक वाचून कळणार नाही.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत सागरी पुरातत्त्व पथकाची किनाऱ्यावरची प्रयोगशाळा वाहून गेली. भिजत ठेवलेल्या वस्तूंच्या टाक्या, उपकरणे, बरेच नुकतेच वर काढलेले अवशेष समुद्रात परत गेले. वखारीत त्या वेळी असलेल्या सागरी संग्रहालयाचीही नासधूस झाली. किल्ल्याच्या आतला गाव मात्र तटामुळे बराचसा वाचला. आज दिसणारे संग्रहालय २०१० मध्ये, पुन्हा नेदरलँड्सच्या साहाय्याने, उघडले. म्हणून एखाद्या पेटीत मोजक्याच वस्तू दिसल्या तर नाराज होऊ नका. तीन हंगामांची मेहनत एका सकाळी गेली, त्यातून जे उरले ते समोर आहे.

काही गोष्टी इथे मिळणार नाहीत, त्याही सांगायला हव्यात. आव्हॉन्डस्टरचा सांगाडा इथे नाही. तो तळावरच आहे आणि तसाच असणे योग्य आहे. युनेस्कोच्या २००१ च्या करारातही जागच्या जागी जतन हा पहिला पर्याय मानला आहे. खणलेले चर पुन्हा भरून, वर जाळी आणि वाळू ठेवून जहाजाला त्याचा प्राणवायूविरहित काळोख परत देणे, हे टाकीत वीस वर्षे भिजवण्यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचे.

चिनी दर्यासारंग झेंग ह याने १४०९ साली लिहवलेला त्रैभाषिक शिलालेख १९११ मध्ये गॉलमध्येच सापडला, पण मूळ शिळा कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळमध्ये देवुंदरच्या विष्णूला आणि फारसीत अल्लाला दानधर्म. एकाच दगडावर तीन भाषांत तीन देवांना नमस्कार.

हंबनटोटाजवळच्या गोडवाया इथले जहाज या किनाऱ्यावरचे सर्वांत महत्त्वाचे, आणि आमच्या मते या संग्रहालयाने त्याला आव्हॉन्डस्टरच्या बरोबरीची जागा द्यायला हवी. सुमारे ३० मीटर खोलीवर, इसवीसनाच्या आगेमागे बुडालेले. हिंदी महासागरात आजवर सापडलेले सर्वांत जुने जहाज तेच. माल काय, तर काचेचे कच्चे गोळे, धातूच्या लगडी, काळी-तांबडी भांडी आणि नंदीपद, श्रीवत्स, मासा अशी चिन्हे कोरलेला दगडी पाट. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांचा या अभ्यासात हात आहे. त्याच गावातल्या विहाराजवळ गजबाहू राजाचा ब्राह्मी लेख आहे, ज्यात बंदराची जकात विहाराला दिली आहे. बंदराच्या जकातीचा लेख आणि बंदरासमोर बुडालेला माल एका ठिकाणी मिळणे दुर्मीळ.

आणि ग्रेट बासेस खडकांवरची चांदी. १९६१ मध्ये दीपगृहाजवळच्या पाण्यात सापडलेले औरंगजेबाचे रुपये, सुरतेच्या टांकसाळीतले, हिजरी १११३ चे. पिशव्या कुजून गेल्या, पण रुपये एकमेकांना चिकटून पिशवीच्याच आकाराचे गठ्ठे उरले. हिजरी १११३ म्हणजे १७०१-०२. त्या हिवाळ्यात बादशहा स्वतः विशाळगडाच्या वेढ्यात बसला होता, आणि त्याच्या नावाचे नवे कोरे रुपये सिलोनच्या आग्नेय किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी गेले. संग्रहालयात जाण्याआधी एवढे वाचून ठेवले तर नकाशावरचा तो ठिपका निव्वळ ठिपका राहत नाही.

पाण्याखाली जाऊन पाहायचे असेल तर हंगाम आधी ठरवा, जहाज नंतर. नैर्ऋत्य किनारा नोव्हेंबर ते एप्रिल, पूर्व किनारा साधारण मे ते सप्टेंबर. नवख्यांसाठी हिक्कडुवाजवळचे ‘काँच’ हे तेलवाहू जहाज सर्वांत बरे. १९०३ मध्ये अकुरालाच्या खडकांवर आपटले, आज १२ ते २१ मीटरच्या दरम्यान तुकड्यांत पसरले आहे. १८ मीटरवर साध्या हवेवर ५० मिनिटांपर्यंत राहिले तरी वर येताना रक्तातला नायट्रोजन निघावा म्हणून थांबे घ्यावे लागत नाहीत, म्हणजे घाई नाही. लाट असेल त्या दिवशी मात्र जाऊ नये. खडक जवळ आहेत आणि पाणी ढवळले की पत्र्याच्या कडा दिसत नाहीत.

बट्टिकलोआसमोरचे ‘हर्मिस’ ही गोष्ट निराळी. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बुडवलेली ही विमानवाहू नौका ५३ मीटरवर डाव्या कुशीवर पडली आहे. ३०७ माणसे गेली. ती युद्धकबर आहे, तिथली एकही वस्तू हलवायची नाही. हिशेब करून पाहा. ५३ मीटरवर दाब ६.३ पट, मिनिटाला २० लिटर श्वास घेणाऱ्याला १२६ लिटर लागतात. २०० बारने भरलेल्या १२ लिटरच्या टाकीत २४०० लिटर हवा, म्हणजे १९ मिनिटांत टाकी कोरडी, आणि त्यात वर येतानाचे थांबे धरलेलेच नाहीत. हौशी पाणबुड्यांची मर्यादा ४० मीटर. ज्यांनी थांब्यांसह खोल डुबकीचे आणि मिश्र वायूंचे प्रशिक्षण घेतलेले नाही त्यांना ‘एकदा दाखवून आणतो’ म्हणणारा चालक भेटला तर नाही म्हणावे. त्याच दिवशी बुडालेले ‘ब्रिटिश सार्जंट’ हे तेलवाहू २४ मीटरच्या आसपास आहे, तिथे जावे. कोणत्याही डुबकी केंद्राला तीन प्रश्न विचारा: बोटीवर प्राणवायूचा संच आहे का, जहाजावर बांधलेला दोर आहे की प्रवाहातच उतरायचे, आणि पाणबुड्यांवर उपचार करणारी जवळची दाबकक्ष सोय कुठे. उत्तरे चटकन आली नाहीत तर पैसे देऊ नका.

कोलंबो फोर्ट स्थानकाहून गॉलला रेल्वेने अडीच ते तीन तास. जाताना उजव्या हाताच्या खिडकीत बसावे, रूळ समुद्रालगत धावतात. स्थानकापासून किल्ला चालत दहा मिनिटे. तिकिटाचा दर परदेशी पाहुण्यांना वेगळा आहे. केंद्रीय सांस्कृतिक निधीच्या सिगिरियासारख्या स्थळांवर सार्क देशांच्या पासपोर्टला सवलत असते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवून खिडकीवर विचारावे. दुपारी वखारीत हवा कोंडते, सकाळीच जावे. बाहेर पडल्यावर जुन्या दरवाज्याचे दोन्ही शिक्के पाहून तटावर चढा आणि बंदराच्या बाजूला उभे राहा. समोरच्या वाळूच्या पट्ट्यापासून शंभर मीटरही नसलेल्या त्या गढूळ पाण्यात आव्हॉन्डस्टर आहे.